मी न केलेला फोन

मंडळी, भुतंखेतं हा माझा प्रांत नाही. शेजारच्या काकूंनी दारावर लिंबू-मिरची बांधली, तर लिंबू सरबताला जाईल म्हणणारी बाई मी... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

मी अंधेरीला राहते. जुहूच्या एका हँगरमध्ये हेलिकॉप्टरची देखभाल-दुरुस्ती चालते, तिथे मी कस्टमर अकाउंट्स सांभाळते. म्हणजे हातात पाना धरत नाही — मालकांचे फोन घ्यायचे, ‘कधी मिळणार’ला उत्तर द्यायचं आणि इंजिनीअरांच्या मागे लागायचं. त्यात माझा हातखंडा.

मागच्या उन्हाळ्यात देसाई नावाच्या कस्टमरचं हेलिकॉप्टर दुपारी दोनला उडायचं होतं. आमची तारीख आधीच दोनदा चुकलेली, हे गिऱ्हाईक गेलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. म्हणून मी तावडेकाकांच्या डोक्यावर उभी. काका आमचे सगळ्यात जुने इंजिनीअर. काम संपलं की एकेक हत्यार मोजून पेटीत, मगच सही — हा त्यांचा शिरस्ता. मी म्हटलं, "काका, रोज मोजताच ना, आज राहू दे." त्यांनी पेटी तशीच मिटली आणि सही केली. कागदावर वेळ आहे, अकरा चाळीस.

बाराला देसाईंचा फोन आला. एरवी कावणारा माणूस, पण आवाज अगदी मऊ. फ्लाइट रद्द केलीय म्हणाले, आता हेलिकॉप्टर परत उघडून बघा, आणि रडू नका. मला काही कळेना. मी कधी रडले, असं विचारलं.

"आत्ता नाही का, अकरा चाळीसला. एकच धरून बसला होतात, मॅडम... ‘तिघं गेली माझ्यामुळे, काकांना मोजू दिलं नाही मी.’"

मी धावत काकांकडे गेले. त्यांनी पेटी मोजली. एक पाना कमी. अर्ध्या तासाने सापडला — पायलटच्या हातातला दांडा वरच्या पंख्याशी जोडणाऱ्या सळयांच्या मध्ये. काकांनी तो पेटीत ठेवला आणि सगळी हत्यारं पुन्हा मोजली.

संध्याकाळी देसाईंनी त्यांचा मोबाइल दाखवला. माझाच नंबर, चार मिनिटं. माझ्या फोनमध्ये अशी नोंदच नाही, तो तेव्हा माझ्या खिशात होता. कुणी माझा आवाज काढला म्हणावं, तर मोजणीचं फक्त काकांना आणि मला माहीत. आणि तिघं? पायलट आणि एक प्रवासी एवढंच ठरलेलं. प्रवाशाची मुलगीही निघणार होती, हे देसाईंनासुद्धा फ्लाइट रद्द झाल्याचं कळवताना समजलं.

काका म्हणतात, नको विचार करूस. भीती गेलीय आता, पण माझ्याच आवाजात रडणाऱ्या त्या बाईचं फार वाईट वाटतं. मी त्या रात्री घरी येऊन जेवले, झोपले. ती जिथे कुठे असेल, तिथे ती तिघं खरंच गेली असणार... तिला कुणाचाच फोन आला नव्हता.