आत्या बसली ती बसलीच

माझी आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. पण मोबाईलचे चार्जर बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ती सगळ्यांचीच आत्या आहे, आणि हा पराक्रम माझा. कामाच्या पहिल्याच दिवशी मी सरकत्या पट्ट्याच्या टोकावरून "आत्या, डबा विसरलीस!" असं ओरडलो आणि दुपारपर्यंत तिच्याहून वयानं थोर असलेला वॉचमनसुद्धा तिला आत्या म्हणू लागला.

आत्याचं सगळं आयुष्य उभ्यानं गेलं. आधी कापडाच्या दुकानात, मग लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी, आणि आता इथे. पट्ट्यावरून चार्जर सरकत येतो. ती तो समोरच्या सॉकेटमध्ये खोचते. हिरवा दिवा लागला की पुढे सोडते, लाल लागला की बाजूच्या टोपलीत टाकते. पुढे मी तो खोक्यात भरतो आणि खोकी क्रेटमध्ये रचतो. खोक्यावर हिरवं पान छापलेलं असतं, म्हणजे आमच्या चार्जरचा पृथ्वीला काही त्रास नाही. आत्याच्या पायांबद्दल खोक्यावर काही छापलेलं नाही.

घरी आली की ती जमिनीवर आडवी होऊन पाय भिंतीला लावते. पोटऱ्यांवर निळ्या नसांच्या गाठी आल्यात. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले, "असंच उभं राहिलात तर पायाला जखमा होतील. मग कामच सुटेल."

"बरं," ही म्हणाली, "उद्यापासून उडत जाते."

डॉक्टर हसले नाहीत. बाहेर आल्यावर तीही हसली नाही. लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अजून व्हायचं होतं आणि ते याच दोन पायांवर चाललं होतं.

सुपरवायझरकडे ती येता-जाता स्टूल मागायची. त्याला आम्ही 'घाई' म्हणतो, कारण त्याचं दुसरं काही म्हणणंच नसतं. घाईचं उत्तर ठरलेलं : "बसलं की झोप येते."

ज्या मोठ्या कंपनीचं नाव आमच्या चार्जरवर असतं, तिची माणसं अधूनमधून पाहणीला येतात. त्यांचे नियम तसे चांगले आहेत. हवा खेळती हवी, सांडपाणी शुद्ध करून सोडायला हवं, कामगाराला बसायला सोय हवी. आमच्या मालकांनी ते नियम काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावलेत. पुसायला सोपे जातात.

पाहणीच्या सकाळी टेम्पो आला. भाड्याची स्टुलं उतरली, भाड्याच्या कुंड्या उतरल्या. काही कुंड्यांतली झाडं प्लास्टिकची होती, पण घाईनं गडबडीत त्यांनाही पाणी घातलं. मग सगळ्या बायकांना समोर घेऊन शिकवणी सुरू झाली.

"रोज बसून काम करता का, असं विचारलं तर काय म्हणायचं?"

"हो!"

"आत्या, तुमचा आवाज नाही आला."

"पाठ आहे साहेब. वेळेला येईल."

पाहणीच्या बाई आल्या आणि फिरत फिरत नेमक्या आत्यापाशी थांबल्या. "मावशी, रोज असंच बसून काम करता?"

आत्यानं स्टुलावर नीट सावरून घेतलं. "हो. रोज."

घाईचा जीव भांड्यात पडला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सांगायची एवढी संधी, आणि ही बया 'हो' म्हणते!

बाईंची गाडी फाटकाबाहेर गेली आणि टेम्पो आत आला. भाडेवाला स्टुलं एकावर एक रचू लागला. एकेक बाई उठत गेली. आत्या उठली नाही.

"आत्या, उठा," घाई म्हणाला. "टेम्पोवाल्याला घाई आहे."

"मग जाऊ दे की त्याला."

"अहो, स्टूल भाड्याचं आहे!"

"मी कुठे घरी नेतेय? बसलेय नुसती."

"पाहणी संपली आत्या!"

"पण मी 'हो, रोज' म्हटलंय ना? मग?"

"ते त्यांच्यापुरतं होतं."

"तुमच्यापुरतं असेल. तोंड माझं होतं. तुम्ही माझ्या तोंडून वदवून घेतलंत, आता ते खरं करणं माझ्याकडे लागलं."

"उद्यापासून कामावर येऊ नका मग!"

"उद्याचं उद्या बघू. सरका, दिवा दिसत नाही."

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. तिला उठवायचं तर पट्टा थांबवायला हवा, आणि बाहेर माल न्यायला ट्रक उभा. घाईचा हात बटणापर्यंत गेला आणि डोकं खाजवून परत आला. भाडेवाला एक स्टूल सोडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आत्या कामावर आली, तर स्टूल गायब. ती थेट माझ्याकडे आली. माझ्याजवळची माल भरायची रिकामी क्रेट उचलली, पालथी घातली आणि बसली. शेजारच्या बाईनं आधी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, मग घाईकडे, आणि मला म्हणाली, "मलाही दे रे एक." तिच्यानंतर तिसरी. बघता बघता माझ्याकडे एकही क्रेट उरली नाही आणि खोक्यांचा ढीग माझ्या गुडघ्याला लागला.

घाई धावत आला. "तू क्रेट दिल्यासच का?"

"माझी आत्या आहे, साहेब."

"आणि बाकीच्या?"

"तुम्हीच सांगा. आत्याच्या मैत्रिणींना नाही कसं म्हणू?"

तो आत्याकडे वळला. "आत्या, क्रेट सोडा. माल कशात भरायचा?"

"स्टुलं आणा, क्रेट घ्या."

"मालकांशी बोलावं लागेल."

"बोला की. आम्ही बसलोय."

संध्याकाळी स्टुलं आली. विकतची, बाजारातली सगळ्यांत स्वस्त. सोबत आत्याच्या नावाचं एक पत्रही आलं. तिनं ते मला वाचायला दिलं. असं गैरवर्तन पुन्हा आढळल्यास कामावरून काढण्यात येईल, वगैरे.

"गैरवर्तन म्हणजे बसणं ना?"

"हो."

"मग ते रोजच आढळेल."

तिच्या वाट्याला आलेलं स्टूल डुगडुगत होतं. तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं, घडीवर घडी घातली, वाकून आखूड पायाखाली सारलं आणि वर बसून अंग दोन्हीकडे हलवून पाहिलं.

"कागद बरा जाड वापरतात," ती म्हणाली आणि पुढचा चार्जर सॉकेटमध्ये खोचला.