पाठीमागच्या खोलीतला चहा

तिसरीत असताना शाळेकडून आमचं घर तपासायला एक सर येणार होते. मी जिंतूरच्या इंग्रजी शाळेत फुकटच्या जागेवर शिकत होते. ती जागा शाळेजवळ राहणाऱ्या गरीब मुलांसाठी होती आणि आमचं घर डोंगरावरच्या वस्तीत होतं. कागदावर आम्ही मावशीच्या पाठीमागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खरं म्हणजे पहिलीपासून मावशीकडे मी एकटीच राहत होते. कुणीतरी तक्रार केली होती. खोटं उघडं पडलं असतं तर माझं नाव कमी झालं असतं.

माय सकाळच्या गाडीनं उतरून आली. मावशीनं खोलीत गादी टाकली, खुंटीला काकांचा सदरा अडकवला, आपली जुनी गॅसची शेगडी आणि चार डबे आणून मांडले. "इथंच राहतोत म्हनायचं. जास्ती बोलू नकोस," ती मायला म्हणाली.

सर आले. त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, मग एकदम मला विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?"

"हिअर, सर."

मायला शब्द कळले नाहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"घरमालकिणीपेक्षा भाडेकरूच जास्त घाबरलेत," सर हसले.

"पहिल्यापासूनच भित्र्या हायत हो त्या," मावशी म्हणाली. सगळं जमतंय असं वाटून तिला जोर चढला असावा. "सर, चहा तर घ्याच. ओ बाई, टाका की चहा!"

सख्ख्या बहिणीला ती 'ओ बाई' म्हणाली, ते ठीक होतं. पण आमच्या घरी चूल होती. मायनं कधी गॅस पेटवला नव्हता, हे मावशी विसरली.

माय शेगडीसमोर बसली. तिनं खटका फिरवला आणि मग काडीपेटी शोधू लागली. सूं आवाज यायला लागला, वास सुटला. सर बोलायचे थांबले.

मी उठले. खटका बंद केला, फ्रॉकच्या घेरानं वारा घातला, थोडं थांबले. आधी काडी ओढली, मग खटका फिरवला. पातेलं चढवलं. साखरेचा डबा न बघताच हातात आला.

"वा! रोज करतेस का ग तू?" सरांनी विचारलं.

सर उत्तराची वाट बघत होते. मायही. नाही म्हटलं तर सरांना संशय आला असता. हो म्हटलं तर दोन वर्षं मायपासून लपवलेलं तिला कळलं असतं. तिला वाटत होतं, मी मावशीकडे फक्त अभ्यास करते.

"हो, रोज," मी म्हणाले.

सरांनी चहा घेतला, कागदावर सही केली आणि ते गेले. मावशी हुश्श करून भिंतीला टेकली.

दुपारी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागलेली होती. "हात दाव," ती म्हणाली. मी दाखवला. मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून तिनं अंगठा फिरवला.

"सैपाक बी करून घेती का तुझ्याकून?"

"कधी कधी."

"चल घरी. वस्तीवर बी शाळा हाय."

सरांची इतकी भीती वाटली नव्हती. ती ओढून नेईल म्हणून मी हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरकले.

"ओ मावशी, चढायलाव का न्हाई?" कंडक्टर ओरडला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक पाऊल मागे घेतलं. मग ती चढली.