भोपळ्याला पहिली सुरी

२०११ साली आम्ही जर्मनीत एर्लांगेनला आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. नवरा वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मी पुण्यातल्या एका दैनिकात सात वर्षं उपसंपादक होते, ती नोकरी सोडून आले होते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एक बाई एकट्याच राहत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. दोन्ही मुलं मोठी होऊन उत्तरेकडे गेलेली.

ऑक्टोबरच्या शेवटी किंडरगार्टनमधून चिठ्ठी आली. प्रत्येक मुलाने घरून एक भोपळा कोरून आणायचा होता. डोळे, नाक, दात, आणि आत मेणबत्ती. मी सायकलने शहराबाहेरच्या शेताकडे गेले. तिथे रस्त्याकडेला लाकडी फळीवर भोपळे मांडलेले असतात. एक निवडला, सायकलच्या टोपलीत घालून आणला आणि ओट्यावर ठेवला.

त्या दिवशी सासूबाईंशी फोनवर बोलताना त्यांनी विचारलं, काय आणलंस आज. मी म्हटलं, अख्खा भोपळा.

"अगं, अख्खा भोपळा बाईने फोडू नये," त्या म्हणाल्या. "घरातल्या थोरल्या मुलासारखा असतो तो. आधी पुरुषाने सुरी लावायची, मग तू काही कर."

घरातला पुरुष त्या आठवड्यात शांघायला होता. मी असल्या गोष्टी मानत नव्हते. पण सुरी हातात घेतली की एवढंच आठवायचं की सासूबाईंना मुलगा एकच आहे आणि तो विमानाने परत यायचा आहे. मी सुरी खाली ठेवायचे. असं दोन दिवस झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. खालच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे मुलगी, आणि तिच्या बाहुलीच्या ढकलगाडीत भोपळा. मुलीने तो पायऱ्यांवरून खाली कसा नेला हे मला आजही माहीत नाही. तिने बाईंना सांगितलं होतं की माझ्या आईला भोपळा कापता येत नाही.

बाईंनी विचारलं, आम्ही दोघी मिळून केला तर चालेल का? थोरला मुलगा, विमान आणि सासूबाई हे सगळं समजावण्याइतकं जर्मन माझ्याकडे नव्हतं. मी "हो" म्हटलं.

दोन तासांनी मुलगी वर आली ती कोपरापर्यंत केशरी होऊन. भोपळ्याला तीन दात होते, एक डोळा दुसऱ्याच्या वर. ती मला सांगत होती की झाकण तिरकं कापायचं असतं, सरळ कापलं तर ते आत पडतं. ओमाने सांगितलं. ओमा म्हणजे आजी. पाच वर्षांच्या मुलीने दोन तासांत एक आजी मिळवली होती आणि माझ्या ओट्यावर भोपळ्याच्या जागी एक गोल ओला डाग उरला होता.

त्यानंतर दरवर्षी हे खालीच झालं. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, दुपारी दोन वाजता. बाई मेजावर जुनी वर्तमानपत्रं पसरत. मुलगी पेन्सिलीने चेहरा काढे. बाई झाकण कापत, मुलगी मोठ्या चमच्याने आतला गर आणि बिया काढे. डोळे कोरायचं काम तिचं. कापलेल्या कडांना बाई व्हॅसलिन लावत, म्हणजे त्या लवकर सुकत नाहीत. त्यांच्या लहानपणी हे भोपळ्याचं नव्हतंच. त्यांच्या गावात गुरांना घालायचे जाडे बीट असत, मुलं ते कोरून कुंपणावर ठेवत. मुलगी हे वर येऊन मला सांगायची, जणू ते तिच्याच लहानपणातलं असावं.

बाई दरवर्षी मलाही बोलवत. मी दरवर्षी काही ना काही काम सांगे.

मुलगी सात वर्षांची असताना मी एकदा त्यांच्याकडे काही परत द्यायला गेले. बाईंनी चहासाठी कप काढायला कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला फोटो चिकटवलेले होते. वर दोन फिकट झालेले, त्यांची मुलं बीट हातात धरून उभी. त्याखाली माझी मुलगी तीनदा, तीन भोपळ्यांसह. पहिल्या फोटोत भोपळा तिच्या पोटापर्यंत होता, तिसऱ्यात मांडीपर्यंत. एकाच जागेवरून, एकाच मेजाशेजारी काढलेले. माझ्याकडे तिचे शेकडो फोटो होते, पण ती कशी वाढली हे असं ओळीने दाखवणारे नव्हते. मी चहा अर्धा ठेवून वर आले.

मुलगी आठ वर्षांची असताना सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्या शनिवारी नातीने त्यांना हात धरून खाली नेलं. मला दुभाषी म्हणून जावं लागलं. बाईंनी अख्खा भोपळा पुढ्यात ओढला आणि सुरी घातली. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"धार चांगली आहे हं यांच्या सुरीला," सासूबाई म्हणाल्या.

मग बाई गर वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायला निघाल्या, तेव्हा सासूबाई उठल्याच. "अगं, टाकतायत काय! त्यांना सांग, टाकू नका म्हणावं. घारगे करू." चार वाजेपर्यंत बाईंच्या स्वयंपाकघरात आमची कढई, आमचा गूळ आणि आमची कणीक पोचली होती. भोपळ्याला चव नव्हती म्हणून सासूबाईंनी गूळ दुप्पट घातला. बाईंनी पाच घारगे खाल्ले. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं. मला कोणी काही भाषांतर करायला सांगितलं नाही.

वर येताना जिन्यात मी विचारलं, "आई, तुम्ही काही बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"त्यांनी अख्खा भोपळा फोडला."

"फोडेनात का. त्यांचा भोपळा, त्यांची सुरी."

"मग मला का सांगितलं होतंत?"

"मी? कधी?" त्या पायरीवर थांबल्या. "सांगितलं असेल. अगं, आपल्याकडे अख्खा भोपळा आलाच कधी? मंडईतून फोड आणायची. तू म्हणालीस, मला आठवलं, मी बोलले. तू ऐकशील असं कुठे वाटलं होतं? एरवी ऐकतेस का माझं काही?"

हे बरोबर होतं. पुण्यात भोपळा पाव किलोच्या फोडीने घरी येतो. पहिली सुरी भाजीवाल्याने लावलेली असते. त्या नियमाचा त्यांना आयुष्यभर काही त्रास झाला नव्हता. मी तो एकदा पाळला आणि मुलीचे चार ऑक्टोबर खाली गेले.

पुढच्या वर्षी मी तयारीने उतरले. शेतावरचा सर्वांत मोठा भोपळा गाडीतून आणला. शनिवार तोच ठेवला, वेळ एक तास आधीची. वर्तमानपत्रं पसरली, सुरीला धार लावली. नवरा घरात होता, तरी सुरी मीच लावली. झाकण सरळ कापलं आणि ते आत पडलं.

"आई, तिरकं कापायचं असतं," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. एव्हाना मी मराठीत बोलायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तिने टूथपिक लावून झाकण सावरलं. चेहरा काढला, डोळे कोरले, तोंड एका रेषेत उरकलं. सगळं मिळून वीस मिनिटं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून विचारलं, "आता खाली जाऊ?"

"का? झाला ना आपला."

"हा तुझा झाला. आमचा व्हायचाय अजून."

ती गेली. नवरा सोफ्यावरून हे ऐकत होता.

"अगं, भोपळा आहे तो," तो म्हणाला. "इतकं काय त्यात? तूही जा ना खाली."

"मला बोलावलेलं नाही."

"दरवर्षी बोलावतात. तूच जात नाहीस."

मी त्याला गप्प बस म्हटलं, कारण ते खरं होतं.

संध्याकाळी इमारतीच्या पायरीवर दोन भोपळे होते. डावीकडे माझा. वाऱ्याने त्यातली मेणबत्ती दोनदा विझली. दोन्ही वेळा खालच्या बाई बाहेर आल्या, वाकल्या, काडी ओढून ती पुन्हा पेटवून गेल्या. मी बाल्कनीतून बघत होते. त्यांनी एकदा तरी फक्त आपल्याच भोपळ्याची मेणबत्ती लावली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर मी घरात भोपळा आणला नाही.

मुलगी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी, शनिवारी सकाळी, ती आरशासमोर केस सरळ करत म्हणाली की ती दुपारी मैत्रिणीकडे जाणार आहे. वर्गातल्या सगळ्या जणी जमणार होत्या.

"आणि खाली?"

"तू सांग ना ओमाला."

"तू सांग. त्या तुझी वाट बघत असतील."

"मला कसंतरी होतं. तू सांग." तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "तुला तर आवडेलच सांगायला."

मी विचारलं नाही की तुला हे कधीपासून माहीत आहे. ती पिशवी खांद्याला लावून गेली.

दोन वाजता मी खाली गेले. दार उघडंच होतं. मेजावर वर्तमानपत्रं पसरलेली, दोन भोपळे, चमचा, पेन्सिल, व्हॅसलिनची डबी. मी सांगितलं. आठ वर्षं मी हे वाक्य सांगायची वाट बघत होते आणि ते मला नीट सांगताही आलं नाही. मध्येच मी "परीक्षा आहे" असंही म्हणाले, जे खोटं होतं.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. अगदी बरोबर, अशा अर्थाने. "तेरा. माझा मोठा तेराव्या वर्षी थांबला, धाकटी बाराव्या." त्यांनी एक भोपळा उचलून खिडकीत ठेवला. दुसरा मेजावरच राहू दिला. मग सुरी मुठीकडून माझ्यापुढे केली.

"मला नाही जमत आता," त्या म्हणाल्या आणि हात पुढे करून दाखवले. बोटांचे सांधे सुजलेले होते. "गेली दोन वर्षं झाकण तीच कापते."

हे मला माहीत नव्हतं. मुलगी वर येऊन सगळं सांगायची असं मी धरून चालले होते. पहिली सुरी आता तिची झाली होती आणि तिने ते मला सांगितलं नव्हतं.

मी बसले. सुरी तिरकी धरली. बाई बाजूला बसून फक्त "थोडं बाहेर" आणि "आता फिरव" एवढंच म्हणत होत्या. झाकण एकसंध निघालं आणि जागेवर नीट बसलं. गर काढायला बराच वेळ लागला. तो त्यांनी टाकला नाही. डब्यात भरून माझ्याकडे दिला आणि बोटांनी गोल करून घारग्यांची आठवण करून दिली. चेहरा मी काढला. दात चार केले. कडांना व्हॅसलिन त्यांनी लावलं.

मग त्यांनी मला मेजाशेजारी उभं केलं, भोपळा माझ्या हातात दिला आणि फोटो काढला. दोन दिवसांत तो छापून आला. त्यांनी कपाटाचं दार उघडून मला दाखवला. वर बीट घेतलेली दोन मुलं, खाली माझी मुलगी आठ वेळा, पाच वर्षांपासून बारापर्यंत, आणि नवव्या जागी मी. केस विस्कटलेले, बाही केशरी. फोटो वाईट होता. मी तो बदलायला सांगितला नाही.

त्याच आठवड्यात मुलगी घारग्यांचा डबा घेऊन खाली गेली. दहा मिनिटांत परत आली. बूट काढले, रॅकमध्ये ठेवले, पुन्हा काढून सरळ करून ठेवले.

"आई, ओमाच्या दारावर तुझा फोटो आहे."

"हो."

"का?"

"मी कोरला म्हणून."

"पण ते दार माझं आहे." हे ती मराठीत म्हणाली.

"तू नव्हतीस."

तिचा चेहरा मी ओळखला. आठ वर्षं दर ऑक्टोबरला तो माझ्याकडे होता. मला आनंद झाला. तो चांगल्या जातीचा आनंद नव्हता, तरी झाला.

"पुढच्या वर्षी मी आहे," ती म्हणाली. "मैत्रिणींकडे नाही जाणार. झाकण मी कापणार."

"बघू," मी म्हटलं. "खाली सुरी एकच आहे."