घोंगडीवरचा पहिला तुकडा

हे मी लिहावं की नाही, याचा पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. लिहिणाऱ्या माणसांकडं सांगण्यासारखं काही मोठं असतं, असं मी कॉलेजात ऐकत आलो. माझ्याकडं आहे ते एवढंच की एका कुत्र्याला आम्ही काय खाऊ घातलं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण ते कुत्रं जगवण्यात माझी कॉलेजची वर्षं गेली, आणि हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

आम्ही मेंढरं राखणारे. आमचं गाव पोखर्णीच्या फाट्यावरून पायी जाण्याजोगं. दिवाळीनंतर थोरला भाऊ मेंढरं घेऊन गोदावरीच्या पलीकडं चारायला जायचा आणि पाऊस लागला की परत यायचा. त्या वर्षी निघताना त्याचं आणि बाचं वाजलं. मला पुढं कॉलेजात घालायचं ठरत होतं, म्हणजे मेंढरांमागं तो एकटाच राहणार होता.

"ह्याच्या हातात पुस्तक आन् माझ्या हातात जल्मभर काठीच का?" एवढं बोलून तो निघाला. मागं कुत्रं, काळं, एक कान लांडग्यानं फाडलेलं. त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा होता. थोरल्यानं तो लोहाराजवळ बसून करून घेतला होता.

पुढच्या पावसाळ्यात नामांतराच्या दंगली पेटल्या. यष्ट्या बंद झाल्या. माझं कॉलेज सुरू होऊन लगेच बंद पडलं. त्याच दिवसांत सोबतची बिऱ्हाडं आमची मेंढरं घेऊन परत आली. थोरला त्यांच्यात नव्हता.

"मी पुढं होतो म्हणला आन् कुत्र्याला घेऊन सकाळीच सुटला," ते म्हणाले. "आला न्हाई का अजून?"

रस्ते मोकळे झाल्यावर बा गंगाखेडपर्यंत विचारत जाऊन आला. काही कळलं नाही. श्रावण सरत आला तेव्हा कुत्रं एकटंच दारात येऊन उभं राहिलं. बरगड्या वर आलेल्या, पायाला जखमा. गळ्यात पट्टा नव्हता.

मायनं त्याच्या मानेवरून हात फिरवला. पट्टा तुटून पडला असता तर मान खरचटली असती. तसं काही नव्हतं.

"माणसाच्या हातानं काढलाय," ती म्हणाली. "पोरगं जित्तं हाय माझं. हे कुत्रं हाय तवर त्यो येणार."

"शहरात गेला त्यो," बा म्हणाला. "कुत्र्याला हाकललं आन् गेला. मला कळत न्हाई व्हय?" पुढच्याच बाजारात त्यानं मेंढरं विकून टाकली आणि लोकांच्या रानात कामाला जाऊ लागला.

मी दोघांचंही ऐकत होतो. बाचं खरं असेल तर थोरला माझ्यामुळं घर सोडून गेला होता. मायचं खरं असेल तर तो कधीतरी येणार होता आणि मला त्याच्याशी बोलता येणार होतं. म्हणून मलाही ते कुत्रं जगायला हवं होतं.

पण ते भाकरीला तोंड लावीना. ताकात कुस्करून दिली, दुधात दिली, तरी नुसतं हुंगून मान फिरवायचं. थोरल्यानं त्याला कच्च्यावरच वाढवलं होतं. मेंढी व्याली की पडलेली वार, मेलेलं कोकरू, असं जे मिळेल ते. आता घरात मेंढरूच नव्हतं, तर वार कुठली? मग मी कॉलेजच्या पिशवीसोबत दुसरी पिशवी नेऊ लागलो.

परभणीच्या मटण बाजारात दुकानं आवरायच्या वेळेला गेलं की जे विकलं जात नाही ते जवळजवळ फुकट मिळायचं. फोपसं, नरडं, छाटण आणि वजडी, म्हणजे पोट-आतडी. वजडी धुवायची नाही. आतलं हिरवं तसंच राहू द्यायचं, कुत्रं आधी तेच चाटायचं. हाडं कच्चीच द्यायची. शिजलेल्या हाडाची धार होते आणि ती घशात रुतते. कलेजी फार दिली की पोट बिघडायचं. नुसती हाडं दिली की त्याची शी खडूसारखी पांढरी, कोरडी व्हायची. कोंबडीवाल्याकडून माना आणि फुटकी अंडी मिळायची. हे सगळं मी चुकत चुकत शिकलो. उन्हाळ्यात पिशवीत कडुलिंबाचा पाला घालायचो आणि वरून ओलं पोतं गुंडाळायचो. दोन-तीन महिन्यांत कुत्र्याच्या जखमा भरल्या आणि अंगावर पुन्हा दाट काळे केस आले.

दुकानातले चाचा मला लांबून बघूनच हाक मारायचे, "आ गया कॉलेज! कुत्ता बी.ए. हुआ के नै अबी?"

"अजून पहिल्याच वर्षाला हाय, चाचा."

"तो खिलाव उसको. भूके पेट पढाई नै होती." असं म्हणून ते पाट्यावरचं उरलेलं सगळं पिशवीत लोटायचे. श्रावणात मात्र त्यांच्याकडंही फारसं काही उरायचं नाही. त्या महिन्यात कुत्रं अर्धपोटी राहायचं आणि माय त्याच्यासोबत एकवेळ जेवायची.

सगळ्यात अवघड होतं ते त्याचं खाणं बघणं. पहिल्या दिवशी वजडी समोर ठेवली तरी ते नुसतं बसून राहिलं. मायनं थोरल्याची घरी राहिलेली जुनी घोंगडी आणून अंथरली आणि तुकडे तिच्यावर ठेवले. तेव्हा ते उठलं. पहिला तुकडा तोंडात धरून गंगाखेडच्या वाटेकडं चालू लागलं. गावाबाहेर वळणावर एक बाभूळ आहे, तिच्या बुडाशी त्यानं तो तुकडा ठेवला. मग परत येऊन बाकीचं खाल्लं. पुढं रोज तसंच.

"त्याचा वाटा न्यायलंय," माय म्हणाली. "दोघांचं आणत जा."

मी सांगून बघितलं की कुत्री हाडं पुरून ठेवतात, त्यांची सवयच असते.

"पुरत न्हाई ते," ती म्हणाली. "ठेवायलंय."

ते खरं होतं. तुकडा उघड्यावर असायचा आणि सकाळी नसायचा. कावळे नेत असतील. पण संध्याकाळी फाट्यावरून येताना त्या बाभळीजवळ माझे पाय आपोआप भरभर पडायचे. तिथं कुणीतरी जेवायला बसलंय असं वाटायचं. मी तिकडं मान वळवली नाही. घोंगडीला आधी थोरल्याचा वास होता. हळूहळू तिला रक्ताचा वास येऊ लागला, तरी मायनं ती धुतली नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. शनिवार होता आणि यष्टी पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेल्या माणसांनी भरली होती. एका म्हातारीनं नाकाला पदर लावला. "आमी देवाला चाललाव, आन् हे पोरगं पिशवीत काय घिऊन बसलंय?"

"वजडी हाय, मावशी. कुत्र्यासाठी नेतंय, रोजचंच हाय," कंडक्टर म्हणाला. "आन् देव सिंव्हाच्याच तोंडाचा हाय. त्याला चालतंय." गाडी हसली. मीही हसलो.

शेजारी बसलेला माणूस हसला नाही. वयस्कर होता, गंगाखेडच्या पलीकडच्या एका गावचा कोतवाल. त्यानं विचारलं, "कच्ची खातंय?"

"दुसरं खातच न्हाई."

"काळं हाय का? एक कान फाटका?"

मी हो म्हणालो. तो माझ्याकडं सरकला. मग खालच्या आवाजात बोलू लागला.

"दंगलीच्या साली एक पोरगा आमच्या पाराला येऊन पडला होता, बाबा. तापानं फणफणलेला, हगवण लागलेली. त्या दिवसांत अनोळखी माणसाला कोण दारात घेतंय? कुणाचा, कोणत्या वस्तीचा, हेच इचारायलते लोक. मी पाणी पाजलं. दुसऱ्या दिशी गेला. कुत्रं कुणाला मयताजवळ येऊ दीना. मग खाटकाकडून वजडी आणून टाकली. तवा उठलं. पयला तुकडा उचलून त्याच्या तोंडापाशी नेऊन ठिवला आन् मग बाकीचं खायला आलं. तेवढ्यात आमी मयत उचललं. पट्टा मीच काढून ठिवला, कुणीतरी वळखील म्हणून. गोठ्यात खुंटीला हाय अजून."

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी विचारलं, तो काही बोलला होता का.

"लय न्हाई. एकच इचारायचा सारखं. परभणीची यष्टी कवा सुटंल, घरी जायचंय."