चौघांत मिळून एक इंग्रजी

१८ जानेवारी, शनिवार. ऊन चांगलं होतं, पडदे धुतले. दुपारी खिळेमामा ह्यांची आरामखुर्ची नव्याने मढवून घेऊन आले. सोबत बायको, आई आणि मेव्हणे. खुर्ची एकट्याला सहज उचलता येईल अशी, मग चौघं कशाला, ते चहा झाल्यावर कळलं. त्यांना इंग्रजी शिकायचं आहे. प्रत्येकाला पाव हिस्सा.

त्या तारखेला डायरीत एवढंच आहे. बाकीचं आता सांगते.

खिळेमामा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला सोफे-खुर्च्या मढवून देणारे. कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, एकेक जिभेने ओठांवर आणायचा आणि हातोडीने ठोकायचा. उभं आयुष्य तोंडात लोखंड धरून गेल्यामुळे त्यांचा आवाज कसा आहे हे गल्लीत फार थोड्यांना माहीत. गिऱ्हाईक बोलत राहतं, मामा मान हलवत राहतात. लोक त्यांना खुर्चीची तक्रार सांगायला जातात आणि सुनेची सांगून येतात.

दुकानात प्रत्येकाचं काम ठरलेलं. मेव्हणे माप घेऊन कापडावर खडूने खुणा करतात. मामी कापतात, शिवतात आणि गिऱ्हाइकाशी बोलतात. मामांची आई जुना काथ्या पिंजून परत भरतात. ठोकणं मामांचं. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातलेला मी पाहिला नाही. एकदा मेव्हणे तापाने पडले, तर मामा खुर्ची पुढ्यात घेऊन ते बरे होण्याची वाट बघत बसले. माप घ्यायची पट्टी शेजारीच पडली होती.

हल्ली मात्र लोक तयार सोफे आणतात आणि फाटले की टाकून देतात. दुकानावर धूळ बसायला लागली होती. असंच चाललं तर वर्षअखेर कुलूप लावायचं आणि मामा-मेव्हण्यांनी कुठल्याशा कारखान्यात जायचं, असं घरात ठरत आलं होतं. तेवढ्यात गावातलं जुनं हॉटेल नव्याने उघडतंय आणि तिथल्या सगळ्या जुन्या खुर्च्या मढवायला माणूस हवाय, अशी जाहिरात आली. ती वाचून दाखवायला माझ्याकडेच आणली होती. साहेब परदेशी. म्हणून अट होती की इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि ऐकलेलं समजून घेता आलं पाहिजे.

मामींनी बोटं मोजली. "चार गोष्टी. आणि आम्ही चौघं."

"तसं नसतं हो मामी," मी म्हटलं. "हे सगळं एकाच माणसाला यावं लागतं."

मामांच्या आईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, खुर्ची आम्ही चौघं करतो. म्हणून बसणाऱ्याला चारदा बसावं लागतं का?"

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर लोकांनी पुष्कळ शिकवलं होतं, पण ह्या प्रश्नाची तयारी करून घेतली नव्हती.

वाटणी त्यांनी येतानाच केली होती. मामांकडे कान. मामींकडे तोंड. मोतीबिंदू काढल्यापासून मामांच्या आईला दिसेल ते वाचायची हौस, म्हणून डोळे त्यांचे. खडू मेव्हण्यांच्या हातात, म्हणून लिहिणं त्यांचं. कागद आला तर आई मोठ्याने वाचणार, मामा ऐकून अर्थ लावणार, मामांनी मराठीत सांगितलं की मामी इंग्रजीत बोलणार आणि मामी बोलतील ते मेव्हणे लिहून काढणार. मी रागावणार होते, पण मनातल्या मनात तपासून पाहिलं तर त्यात कुठे खोट निघेना.

पुढचे चार-पाच महिने माझ्या बैठकीच्या खोलीत जे चाललं ते शिकवणं होतं की सर्कस, मला सांगता येणार नाही. मामा कोपऱ्यात बसत, तोंडात सवयीने खिळे. मी इंग्रजीत म्हणायचे, निळा कप आणा, खिडकी लावा, माझा चष्मा शोधा. सगळं बरोबर करायचे. रेडिओवरच्या बातम्या ऐकून मान हलवायचे, एकदा हो आणि दोनदा नाही. सरकारला मामांइतकं शांतपणे नाकारणारा माणूस मी पाहिला नाही.

मामी पहिल्या आठवड्यापासून सुटल्या. पोस्टमन, मांजर, नळवाला, कुणालाही थांबवून इंग्रजीत "तुमची खुर्ची सुरक्षित हातात आहे," असं सांगायच्या. समोरचा काही म्हणाला तर तिकडे लक्ष नाही.

"अहो मामी, तो काय विचारतोय ते ऐका तरी."

"ऐकणं ह्यांच्याकडे आहे, बाई."

मामांच्या आई अक्षरं जुळवायला लागल्या आणि मग थांबेनात. शाम्पूची बाटली, औषधाच्या पुडीतला कागद, माझ्या फ्रिजच्या पाठीमागची सूचना, सगळं बातम्या दिल्यासारखं खणखणीत. अर्थ विचारला की म्हणायच्या, "तो आला की सांगेल." मेव्हणे फक्त खडूने लिहीत. वहीत अक्षर येईना, म्हणून शेवटी मी कोळशाच्या रंगाचं जुनं पडद्याचं कापड दिलं. त्यावर इतकं देखणं इंग्रजी उमटलं की मी ते धुवायला टाकलं नाही.

जून महिन्यात साहेबांनी भेटीला बोलावलं. आणि बरोबर दोन दिवस आधी माशी शिंकली.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या होत्या. मामींचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "वहिनी किती छान बोलतात हो. केवढं अवघड काम."

मामांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की काहीतरी विपरीत घडणार.

"बोलणं सोपं असतं," मामा म्हणाले. "खरं काम कानाचं. हिला काय, तोंड उघडलं की झालं."

मामींनी चहाचा कप खाली ठेवला. "असं होय? मग आता ऐकत बसा." आणि त्या क्षणापासून मामांशी बोलणं बंद.

तुमच्याआमच्या घरात अबोला धरला तर फार तर आमटीत मीठ जास्त पडतं. ह्यांच्याकडे आख्खं इंग्रजी बंद पडलं. सगळं मामांकडून मामींकडेच जायचं होतं. मामा मराठीत सांगत, मामी खिडकीबाहेर बघत. मेव्हणे कापड पसरून, खडू उगारून बसलेले.

"ताई, भेट झाल्यावर भांड की," मेव्हणे म्हणाले.

"मी कुठे भांडतेय? मी बोलतसुद्धा नाहीये."

भेट हॉटेलच्या मागच्या दालनात होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्या छतापर्यंत गेलेल्या, आणि त्यांच्या मधोमध टेबल टाकून उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेले साहेब. मलाही नेलं होतं, पण बाहेर पायरीवरच मामांच्या आईने बजावलं, "बाई, तुम्ही मास्तरीण. परीक्षेत तोंड उघडायचं नाही." मी पर्स मांडीवर घेऊन बसले.

साहेबांनी समोर बसलेल्या चौघांकडे पाहिलं, मोजलं, आणि विचारलं की एका खुर्चीला किती वेळ लागतो.

"एका खुर्चीला किती वेळ लागतो, विचारतात," मामा म्हणाले.

मामी वर पंखा बघत बसल्या.

वर्षअखेरीचं कुलूप मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. तेव्हा मामांच्या आई मध्ये पडल्या. "सूनबाई, एका खुर्चीला किती वेळ लागतो गं?"

"तुम्ही विचारताय ना आई? मग सांगते." आणि मामींनी साहेबांना झकास इंग्रजीत सांगितलं की साधीला एक दिवस, स्प्रिंग गेलेलीला दोन.

गाडी चालू झाली. साहेबांकडून मामांकडे, मामांकडून आईकडे, आईकडून मामींकडे आणि परत. मागे मेव्हणे कापडावर सगळं टिपत होते. साहेबांची मान टेनिस बघावं तशी फिरत होती. वाईट एवढंच, की मामांच्या आईला मधला निरोप्या होणं माहीत नव्हतं. त्या भर घालायला लागल्या.

साहेबांनी विचारलं की काम बिघडलं आणि गिऱ्हाईक रागावलं तर तुम्ही काय करता.

"गिऱ्हाईक रागावलं तर काय करता, म्हणतात," मामा म्हणाले.

"गिऱ्हाईक रागावलं तर काय करता?" आई म्हणाल्या. "आणि बायको रागावली तर काय करता, तेही."

"अगं आई, ते कुठे विचारलं त्यांनी?"

"तू ऐकायचं काम कर."

मामी साहेबांकडे वळल्या. गिऱ्हाईक रागावलं तर त्याच दिवशी दुरुस्त करून देतो, त्या म्हणाल्या. बायको रागावली तर दोन दिवस झाले तरी कुणी बघायला येत नाही. मग त्यांनी सगळंच सांगितलं. डॉक्टरीणबाई, तळहातावरचे खिळे, सोपं काय नि अवघड काय. एवढं सलग इंग्रजी त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. मी शिक्षिका म्हणून सुखावले आणि माणूस म्हणून डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. शांतपणे, बराच वेळ बोलले. आमच्या घरी बोलण्याचं खातं बायकोकडे आहे, ते म्हणाले, आणि ते सोपं नाही हे मला लग्नानंतर लवकरच समजलं. माझ्या मते चूक ह्या गृहस्थांची आहे. त्यांनी बाईंची माफी मागावी. तेवढं त्यांना सांगा, मग खुर्च्यांकडे वळू.

आता हे खोलीत दोघांनाच कळलं होतं. मला आणि मामांना. मी तोंड उघडायचं नव्हतं.

"काय म्हणाले रे?" आईने विचारलं.

मामांचे कान लाल झाले. हात शर्टाच्या खिशाकडे गेला, खिळ्यांच्या. आईने चापट मारून तो खाली घेतला.

"म्हणतात, खुर्च्या नंतर बघू."

"एवढंच? एवढा वेळ बोलत होते की."

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी पर्सची चेन बघायला लागले. पलीकडे साहेब उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना उत्तर देणारं तोंड पंख्याकडे वळलेलं होतं.

"म्हणतात," मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "बोलणं सोपं नसतं. मी तसं म्हणायला नको होतं. माफी मागायला सांगतात."

"कुणाची?"

"हिची."

"मग माग."

"मागितली की आत्ता."

"तो साहेबांचा निरोप झाला," आई म्हणाल्या. "तुझं काय?"

मामांनी मान वर केली. "चुकलं माझं," ते थेट मामींना म्हणाले. "तू नसतीस तर मी नुसता ऐकत बसलो असतो. आलेलं माणूस तसंच परत गेलं असतं."

मामींनी पंख्यावरची नजर खाली आणली. मग साहेबांना इंग्रजीत म्हणाल्या की त्यांनी माफी मागितली आहे, मी विचार करते आहे. आणि मामांकडे न बघता, "अहो, साहेबांचं विचारून झालं असेल, तर ती कडेची खुर्ची उलटी करा. पाय हलतोय तिचा."

मेव्हणे टेप घेऊन उठलेसुद्धा.

नोकरी मिळाली नाही. जागा एकच होती आणि साहेबांना ह्या चौघांतून एक काढता येईना. पण दालनातल्या सगळ्या खुर्च्या दुकानात पाठवायचं त्यांनी लिहून दिलं. तो कागद मामांच्या आईने उभं राहून वाचला, तेव्हा हॉटेलच्या स्वयंपाकघरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मामांनी अर्थ सांगितला. खाली एक अट होती की दर आठवड्याला ऐकणारे आणि बोलणाऱ्या, दोघांनी बरोबरच यायचं, आणि एकमेकांशी बोलत असले तरच.

"हे जरा अवघड लिहिलंय," मामी म्हणाल्या. "पण हो म्हणून लिहून टाक रे."

मेव्हण्यांनी सही करायला खडू काढला. साहेबांनी त्यांना आपलं पेन दिलं.

घरी येऊन मी हे सगळं डायरीत लिहिलं, तारखेसकट. त्याखाली शेवटची ओळ अशी आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, नवा वायसर बसवून घेतला.