गेनबेईचा डोळा

सुमिएची सासू वृद्धाश्रमात गेली आणि तिथे तिनं एकच घोर लावून घेतला: घरचं कासव, गेनबेई, मेलं असणार आणि सून ते लपवतेय. तिनं जेवणच टाकलं.

"फोटो दाखवला ना, आई?"

"पाठ दाखवलीस. पाठ काय, मेल्यावरही तशीच दिसते. त्याचा डोळा दाखव."

दुकानातली नोकरी, घर आणि आश्रमाची रोजची फेरी यांत सुमिएचं अंग आंबून गेलं होतं. फोटो ती उभ्याउभ्याच काढायची, आणि तिची सावली पडली की गेनबेई डोकं आत ओढायचा. रविवारी मात्र ती सकाळच्या उन्हात अंगणात चक्क पालथी पडली. कासवाच्या उंचीवर फोन धरला, पुढे काकडीची चकती ठेवली. एकदा अंग टेकल्यावर उठवतच नव्हतं, त्यामुळे वाट पाहणं सोपं गेलं. ऊन लागल्यावर गेनबेईनं मान लांब केली. काळाभोर डोळा चमकला.

सासूनं फोटो कितीतरी वेळ न्याहाळला.

"जिवंत आहे मेला!" ती हसली. मग तिचं बोट कासवामागच्या घराकडे सरकलं. "वळचणीला पर्सिमॉनच्या माळा कुठायत? यंदा फळं सोलून वाळत घातलीच नाहीस?"

"वेळच झाला नाही, आई."

त्या माळांवाचून त्या घराचा एकही हिवाळा गेला नव्हता. आता टोमणा येणार म्हणून सुमिए मान खाली घालून बसली.

"अगं, एवढी दमलीस तर बोलायचं नाही का?" सासूनं भाताचा वाडगा पुढे ओढला. "हे बघ, जेवते मी. रोज येऊ नकोस. घरी जा नि झोप."