आईंनी अर्ध्यात थांबवलेली कादंबरी

आमच्या घरात खून सगळ्यात जास्त आवडायचे ते माझ्या सासूबाईंना.

आज सकाळी त्या गेल्या.

खूप जणांचे फोन येताहेत. प्रत्येकाशी बोलणं होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी पालघरची. लग्न होऊन पालघरजवळच्याच माहीमला आले ती ऐंशीच्या दशकात. सासरे बोटीवर जायचे, आई मासळी सुकवायच्या, विकायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं आपलं पुस्तक बरं आणि मी बरी. आमचे हे पालघरच्या लायब्ररीतून आणून द्यायचे.

एकदा दुपारी वाळत घातलेल्या सुकटीची राखण माझ्याकडे होती. हातात रहस्यकथा. कावळ्यांनी निम्मी सुकट नेली, मला पत्ताच नाही.

आई आल्या. मला वाटलं, आता पुस्तक चुलीत जाणार.

"एवढं काय हाय त्यात?"

मी घाबरत सांगितलं, "एका बाईचा खून झालाय. नवऱ्यावर संशय आहे."

"मंग? त्यानंच मारली?"

"अजून कळलं नाही, आई."

"मंग वाच की. मोठ्यानं वाच."

झालं. त्या दिवसापासून दुपारचं वाचन सुरू झालं.

आई चौथी शिकलेल्या, पण हात कायम कोलंबीत. त्या सोलायच्या, मी वाचायचे. खुनी कोण ते पहिल्या पाच-दहा पानांत जाहीर करायच्या आणि दर वेळी चुकायच्या. मग राग लेखकावर.

"फसवलंन मेल्यानं!"

आणि लगेच, "दुसरं कधी आणशील?"

फसवलं जाण्यातही केवढी मजा असते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

मग ती कादंबरी आली.

दोघी बहिणी डोंगरावरच्या बंगल्यात राहतात. धाकटी आजारी. सगळं विसरते, वस्तू हरवते, नको ते बोलते. थोरली तिची सेवा करते. सगळी गोष्ट ती थोरलीच सांगतेय, "मी असं केलं, मी तसं केलं" म्हणून. इतक्या मायेनं, की आम्ही दोघी तिच्यासाठी हळहळायचो. आईंनी पदरानं डोळेसुद्धा पुसले.

अर्ध्याच्या पुढे कुठेतरी एक वाक्य आलं. धाकटीची हरवलेली अंगठी थोरलीच्या पेटीत होती. थोरली ते सहज सांगून पुढे गेली.

मी पण पुढे गेले.

"थांब," आई म्हणाल्या. "परत वाच."

परत वाचलं.

"वंदना, ही सगळी गोष्ट सांगतंय कोण?"

"थोरली."

"धाकटी येडी हाय, असं कोण म्हणतं?"

"थोरलीच."

त्यांच्या हातातली कोलंबी तशीच राहिली.

मग म्हणाल्या, "आपल्या शोभाचं आपल्याला कोण सांगतं?"

शोभा माझी नणंद. लग्न करून सालवडला दिलेली, नवरा तारापूरच्या एका कंपनीत. वर्षभर तो एकटाच माहीमला यायचा. सांगायचा, शोभाच्या डोक्यावर परिणाम झालाय, गॅस चालू ठेवते, चाव्या हरवते, कोणाला भेटली की जास्त बिघडते. तुम्ही येऊ नका. बोलताना त्याचा गळा दाटून यायचा. आम्ही सगळे म्हणायचो, जावई म्हणजे देवमाणूस.

शोभाला कोणी विचारलंच नव्हतं.

"पुस्तक मिट. उद्या सालवडला जायचं."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही दोघी गेलो. दाराला बाहेरून कडी. आत शोभा. निम्मी झालेली.

आईंनी तिला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू सांग."

ती हळूहळू बोलायला लागली. चाव्या तोच लपवायचा आणि तिला शोधायला लावायचा. गॅस तिनं बंद केलेला असायचा, तरी तो सांगायचा की चालू होता.

"आई, मला पण वाटाया लागलं, मी खरंच येडी झाले."

एवढ्यात तो शिफ्टवरून आला. आम्हाला बघून आधी चपापला, मग त्याच गोड आवाजात म्हणाला, "आई, तिच्या बोलण्यावर जाऊ नका. मी सांगतो तुम्हाला..."

"तुमी लय सांगितलंत," आई म्हणाल्या. "आता ती सांगंल, नि आमी ऐकू."

शोभाला घेऊन आम्ही संध्याकाळी घरी आलो. ती परत सालवडला गेली नाही. लोक बोलायचे ते बोलले. सासरेही आधी चिडले होते. आई हलल्या नाहीत.

तो असं का करत होता, ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. कादंबरीत शेवटी कारण सापडतं. इथे नाही सापडलं.

काही दिवसांनी आईंनीच विषय काढला. "त्या बहिणींचं काय झालं पुढं?"

मला धाकधूक होती. शोभासमोर कसं वाचायचं? पण तीच कोलंबीची टोपली घेऊन शेजारी येऊन बसली.

शेवटी निघालं काय, तर धाकटीला सगळं ठाऊक होतं! थोरलीनं दिलेलं औषध ती पीतच नव्हती. रोज खिडकीतून ओतून द्यायची आणि वेडाचं सोंग घेऊन पुरावा गोळा करायची.

आई हातातलं टाकून टाळ्या पिटायला लागल्या. मग शोभा हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली, आणि परत हसली.

पुढे शोभानं गावातल्या बालवाडीत नोकरी केली. तिथूनच निवृत्त झाली. पुन्हा लग्न केलं नाही, आईंजवळच राहिली. शेवटची आजारपणाची दोन वर्षं आईंचं सगळं तिनंच केलं.

आता ओटीवर माणसं जमलीत. आई कशा गेल्या, काय झालं, सगळे विचारताहेत. शोभा सांगतेय. सकाळी चहा मागितला, दोन घोट घेतले, तिच्या खांद्यावर मान टाकली.

ती थांबत थांबत सांगतेय. कोणी मधे बोलत नाहीये.

आई, तुम्हाला मनापासून नमस्कार. सावकाश जा.